जिप्सीच्या हेडलाइटला मोटर: बसल्या जागेवरून उंची खाली-वर करता येईल का?

डोंगरवाट_जिप्सी | १२ जानेवारी, रात्री १०:४०

मंडळी, गाडी २००६ ची जिप्सी किंग. आठवडाभर मी एकटाच चालवतो. शनिवारी मात्र मागच्या समोरासमोरच्या बाकांवर चार जण, त्यांच्या सॅक, दोर, पाण्याचा कॅन. मागच्या महिन्यात वरंध घाटातून भोरकडे येताना अंधार पडला. एका वळणावर समोरून दूधवाला आला, मोटरसायकलला किटल्या लावलेल्या. तो थांबलाच. म्हणाला, "डिपर मारा की ओ." म्हटलं, डिपरवरच (खालच्या झोतावरच) आहे. पटेना. मग अपर मारून दाखवला आणि परत डिपर. तेव्हा म्हणाला, "मग तुमचा डिपरच अपर हाय."

ते डोक्यात राहिलं. पुढच्या शनिवारी निघण्याआधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेप घेऊन बसलो. मागच्या चाकावरच्या मडगार्डची उंची आधी रिकाम्या गाडीवर मोजली, मग सगळ्यांना बसवून. मागची बाजू साडेपाच सेंटीमीटर खाली, पुढची जेमतेम अर्धा. फरक पाचाचा. ऐकायला काहीच नाही. पण जिप्सीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २३७५ मिलिमीटर आहे, म्हणजे गाडीचं नाक २.१ टक्के वर. माझा डिपर रिकाम्या गाडीवर एक टक्का खाली लावलेला (दहा मीटरवर दहा सेंटीमीटर उतार), तो माणसं बसल्यावर १.१ टक्का वर जातो. दिव्याचा मध्य जमिनीपासून ८५ सेंटीमीटर. पन्नास मीटरवर उजेडाची वरची कड १४० सेंटीमीटरला पोचते. मोटरसायकलवाल्याचे डोळे बरोबर तिथेच.

आता विचार असा. आजकालच्या हॅचबॅकच्या हेडलाइटमागे उंची बदलणारी छोटी मोटर असते, तीन वायरींची. भंगारात मिळते. जिप्सीच्या सात इंची गोल दिव्याला मागच्या पट्टीत दोन स्क्रू आहेत, वरचा उंचीचा, बाजूचा डाव्या-उजव्याचा. वरच्या स्क्रूच्या जागी मोटर बसवायची आणि डॅशबोर्डवर चक्री. कोणी केलंय का?

---

पान्याचा_नाद | १२ जानेवारी, रात्री ११:०५

गाडी मागून बसते तर मागची बाजू उचला ना राव. वीस वर्षांचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आहेत, थकले असतील. पाटेवाल्याकडे न्या, कमान मारून घ्या, वाटलं तर एक पाटा वाढवा. पाय दुखतो म्हणून चष्मा बदलण्यातला प्रकार आहे हा.

---

डोंगरवाट_जिप्सी | १२ जानेवारी, रात्री ११:२०

पाटा वाढवला की रिकामी गाडी बैलगाडी होते. आधीच खड्ड्यात डोकं टपाला लागतं. पण कमान मारून घ्यायचं डोक्यात ठेवतो.

---

निशाचर७७ | १३ जानेवारी, सकाळी ७:५०

एवढा खटाटोप कशाला? एलईडी बल्ब टाका एच४ चे. उजेड दुप्पट, हजारात काम.

---

तारा_आणि_फ्यूज | १३ जानेवारी, सकाळी ९:१५

निशाचर, कृपा करून नको. त्यांचा प्रश्न उजेड कमी पडण्याचा नाहीच, चुकीच्या जागी पडण्याचा आहे. एच४ बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. तिच्यामुळे परावर्तकाच्या अर्ध्याच भागावर उजेड पडतो आणि वरची कड कापल्यासारखी दिसते. तार मिलिमीटरभर इकडेतिकडे झाली तरी ती कड फाटते. बाजारातल्या बहुतेक एलईडीत ना ती वाटी नीट असते ना चिप त्या जागी. समोरच्याला नुसता पांढरा लोळ दिसतो.

डोंगरवाट, तुमचं गणित बरोबर आहे, मोटरही चालेल. पण सोपं समजू नका. हॅचबॅकमध्ये ती मोटर दिव्याच्या पोटातला प्लास्टिकचा हलका परावर्तक ढकलते. तुम्ही तिच्याकडून अख्खा काचेचा दिवा, वरची रिंग आणि स्प्रिंग ढकलून घेणार आहात.

---

फियाटवाले_आजोबा | १३ जानेवारी, दुपारी १२:३०

आमच्या काळी यावर उपाय होता, हेडलाइटच्या काचेवर काळा रंग! वरचा अर्धा भाग तरी रंगवायचा किंवा मधोमध ठिपका काढायचा. पेट्रोल पंपाबाहेर ब्रश घेऊन पोरगा बसलेला असे. उपयोग किती व्हायचा देव जाणे.

बाकी ही कल्पना काही नवी नाही. फ्रान्सच्या सिट्रोएन २सीव्हीत ड्रायव्हरला आतून हाताने दिवे खाली-वर करायची सोय होती. गाडी इतक्या मऊ स्प्रिंगांवर की मागे दोन माणसं बसली तरी दिवे आकाशात. त्याच कंपनीच्या डीएसमध्ये १९६७ पासून आतल्या बाजूचे हेडलाइट स्टिअरिंगबरोबर वळायचे.

---

स्वयंपाकघर_ते_स्टिअरिंग | १३ जानेवारी, दुपारी १:४५

एक बावळट प्रश्न. माझ्या हॅचबॅकमध्ये स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला ० ते ३ आकड्यांची चक्री आहे. आठ वर्षं मी समजतेय की ती मीटरमागचा उजेड कमी-जास्त करायची. फिरवून काहीच होत नाही म्हणून बिघडली समजून सोडून दिली. ती हीच का?

---

तारा_आणि_फ्यूज | १३ जानेवारी, दुपारी २:००

ताई, हीच! बावळट वगैरे काही नाही, दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून डिपर लावा आणि फिरवा. ० ला उजेड सगळ्यात वर, ३ ला सगळ्यात खाली. एकट्या असाल तर ०. मागे माणसं आणि डिकीत सामान असेल तर २ किंवा ३. पुस्तिकेत तक्ता असतो.

---

स्वयंपाकघर_ते_स्टिअरिंग | १३ जानेवारी, रात्री ८:३०

केलं. खरंच खाली-वर होतं!! बारीक घुर्र आवाजही येतो. आणि आठ वर्षं ती ३ वर होती. म्हणजे मला रात्री दिसत नाही म्हणून मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आले ते...

---

श्टुटगार्टकर | १४ जानेवारी, रात्री १:१०

इकडे जर्मनीत १ जानेवारी १९९० नंतर नोंदलेल्या मोटारींना ही सोय सक्तीची आहे. दर दोन वर्षांच्या तपासणीत दिव्यासमोर भिंगाची पेटी लावून कड बघतात. किती टक्के खाली हवी तो आकडा हेडलाइटवरच किंवा जवळच्या पट्टीवर छापलेला असतो, बहुधा १ किंवा १.२. युरोपच्या नियमांत आणखी एक गोष्ट आहे. डिपरचा उगम २००० ल्युमेनपेक्षा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) जास्त असेल तर चक्री चालत नाही, उंची आपोआप बदलणारी यंत्रणाच लागते. म्हणून झेनॉनच्या प्रखर दिव्यांच्या गाड्यांत मागच्या दांडीला सेन्सर असतो. तुमच्या एच४ चा डिपर सुमारे हजार ल्युमेनचा, त्याला चक्री पुरे.

सक्ती असली तरी लोक चक्री फिरवतात असं मात्र नाही. इथेही तीच तऱ्हा.

---

कायदेपंडित_नाही | १४ जानेवारी, सकाळी १०:२०

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) बघून घ्या. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालणार नाही.

गंमत बघा, केंद्रीय मोटार वाहन नियम १०६ डोळे दिपण्याबद्दल आहे. त्यात डोळ्यांची जागा धरलीय दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंच. डोंगरवाटांची कड १.१ टक्का वर गेली तरी ८ मीटरवर ती ९४ सेंटीमीटरलाच. म्हणजे दूधवाला आंधळा झाला तरी नियमाने गाडी सुटते!

---

डोंगरवाट_जिप्सी | १४ जानेवारी, रात्री ९:४०

दिवा मूळचा, बल्ब मूळचा, काच मूळची. पट्टीला नवीन भोक पाडणार नाही आणि जुने स्क्रू डबीत जपून ठेवणार, म्हणजे तासाभरात गाडी होती तशी. तरी तपासणीच्या दिवशी जुने स्क्रूच लावून जाईन, उगाच वाद नको.

रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारतो.

---

डोंगरवाट_जिप्सी | २ फेब्रुवारी, रात्री ११:१५

अपडेट. मोटरी मिळाल्या. एकाच गाडीची जोडी मिळेपर्यंत तीन रविवार गेले. दोन वेगळ्या घेऊ नका, एकाच व्होल्टला दोघींची दांडी वेगवेगळी सरकते.

टेबलावर जोडून बघितलं. तीन वायरी: प्लस, अर्थ आणि चक्रीकडून येणारा सिग्नल. उघडलेल्या एका मेलेल्या मोटरीत छोटी डीसी मोटर, वर्म गिअर, दांडीची जागा मोजणारा पोटेन्शिओमीटर आणि दोन्ही व्होल्ट ताडून बघणारी एक चिप. सिग्नल बदलला की दोन्ही जुळेपर्यंत मोटर फिरते आणि थांबते. दांडीच्या टोकाला प्लास्टिकची गोटी, ती दिव्याच्या वाटीत खटकन बसते. लेथवाल्याकडून नायलॉनच्या वाट्या कातून घेतल्या आणि दिव्याच्या रिंगला लावल्या.

डावी बाजू बसवली. चक्री फिरवली, दिवा हलला, मी नाचलो. चौथ्या वेळी कट्ट आवाज आणि सगळं शांत. वर्म गिअरचे दात साफ. तारा_आणि_फ्यूज, तुमची जीभ काळी आहे.

---

तारा_आणि_फ्यूज | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

😀 स्प्रिंग मूळचीच ठेवलीत ना? ती स्क्रूसाठी आहे. स्क्रूला कितीही ताण दिला तरी फरक पडत नाही, मोटरीला पडतो. थोडी नरम लावा. पण अगदी ढिलीही नको, कारण गोटी आणि वाटीतली फट तीच दाबून धरते. ढिली पडली की खराब रस्त्यावर उजेड थरथरेल.

आणि दांडी किती सरकते ते मोजलंत का?

---

डोंगरवाट_जिप्सी | ३ फेब्रुवारी, रात्री १०:००

७ मिलिमीटर. गोटीपासून दिवा ज्या रेषेवर झुकतो तिथपर्यंत साधारण १४ सेंटीमीटर.

---

तारा_आणि_फ्यूज | ३ फेब्रुवारी, रात्री १०:३०

मग सात मिलिमीटर म्हणजे पाच टक्के! चक्री पूर्ण फिरवली तर एका टोकाला स्वतःचा बंपर बघाल, दुसऱ्या टोकाला सप्तर्षी. तुम्हाला हवेत २ टक्के, म्हणजे २.८ मिलिमीटर, म्हणजे दांडीच्या पल्ल्याचा ४० टक्के भाग. एक किलोओहमची चक्री घ्या, तिच्या एका टोकाला ४७० ओहम आणि दुसऱ्याला एक किलोओहम रेझिस्टर लावा. मग चक्री कितीही फिरवली तरी सिग्नल सुमारे १९ ते ६० टक्क्यांमध्येच फिरतो. बाकीचा पल्ला बंद.

सिग्नलची वायर तुटली तर दिवा कुठे जातो तेही टेबलावर बघून घ्या. वर जात असेल तर तो खाली येईल असा एक मोठा रेझिस्टर मोटरीजवळच बसवा.

---

बोर्डवाला_बंड्या | ४ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

चक्रीच कशाला, आर्डुइनो (प्रोग्रॅम करायचा छोटा बोर्ड) आणि एक अ‍ॅक्सेलरोमीटर (कल मोजणारा सेन्सर) लावा, गाडी कलली की आपोआप. तीनशे रुपयांत काम.

---

श्टुटगार्टकर | ४ फेब्रुवारी, रात्री ११:५०

बंड्या, अ‍ॅक्सेलरोमीटरला घाटाचा चढ आणि मागे बसलेली माणसं यांतला फरक कळत नाही. त्याला दोन्हीकडे नाक वरच दिसतं. चढावर तो दिवे खाली पाडेल, नेमके नको तेव्हा. वर ब्रेक आणि ॲक्सिलरेटरचे झटके वेगळेच. गाडी उभी असतानाच कल बदलला तर माणसं चढली असं धरायचं, एवढाच एक मार्ग. त्यापेक्षा मागच्या धुरापासून चॅसिसपर्यंत दांडी लावून सेन्सर बसवणं खरं काम. पण जिप्सीच्या बुडाखाली चिखल-दगडांत तो किती दिवस टिकेल?

---

बोर्डवाला_बंड्या | ५ फेब्रुवारी, सकाळी ९:००

हम्म. घाटाचं लक्षात नव्हतं.

---

डोंगरवाट_जिप्सी | २३ फेब्रुवारी, रात्री १०:५०

दोन्ही मोटरी बसल्या, स्प्रिंग बदलल्या, पल्ला बांधला. भिंतीवर सुंदर. पण रस्त्यावर नवीनच भानगड. रेस दिली की उजेड जवळ येतो, सिग्नलला थांबलो की लांब जातो. दिवा श्वास घेतोय असं वाटतं. आत मोटर सारखी कुरकुरते. चक्रीला ८ व्होल्टचा रेग्युलेटर लावलाय, व्होल्ट अजिबात हलत नाहीत, मीटरवर बघितलंय. मग दिवा का हलतो?

---

तारा_आणि_फ्यूज | २४ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

रेग्युलेटर काढा! तोच गुन्हेगार आहे.

मोटर सिग्नलचे व्होल्ट नुसते बघत नाही, स्वतःच्या पुरवठ्याच्या किती टक्के आहेत ते बघते. तुमचा सिग्नल समजा ४ व्होल्टवर खिळलाय. आयडलला, दिवे आणि ब्लोअर चालू असताना पुरवठा १२.६, म्हणजे सिग्नल ३२ टक्के. रेस दिली, अल्टरनेटरने १४.२ दिले, तोच सिग्नल २८ टक्के झाला. मोटरीला वाटतं चक्री फिरवली. दांडी पाव मिलिमीटर सरकते, दिवा ०.१८ टक्का झुकतो. भिंतीवर दहा मीटरला पावणेदोन सेंटीमीटर, कुणाला दिसणारही नाही. पण ८५ सेंटीमीटर उंचीच्या, एक टक्का खाली लावलेल्या दिव्याची कड जमिनीला ८५ मीटरवर लागते, आणि १.१८ टक्क्याला ७२ मीटरवर. तेरा मीटरचा फरक. तोच तुमचा श्वास.

चक्रीचं प्लस मोटरीच्या प्लसमधूनच घ्या. मग पुरवठा वर-खाली झाला तरी सिग्नल त्याच प्रमाणात वर-खाली होतो आणि टक्केवारी हलत नाही. तो प्लस डिपरच्या रिलेनंतर घ्या, मध्ये ३ अँपिअरचा फ्यूज.

---

डोंगरवाट_जिप्सी | २४ फेब्रुवारी, रात्री ९:१०

रेग्युलेटर काढला. श्वास बंद. मी दोन रात्री अर्थ तपासत बसलो होतो, आणि जे "चांगलं" म्हणून लावलं तेच काढायचं होतं.

---

किटलीतला_चहा | २५ फेब्रुवारी, सकाळी ११:३५

वाचतोय आणि एक शंका. मी ऑनलाइन सात इंची दिवे मागवले, भारी काच, छान पॅकिंग. लावल्यापासून समोरचे सगळे अपर मारतात. मलाही मोटर लागेल का?

---

तारा_आणि_फ्यूज | २५ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

आधी भिंतीवर बघा. आपण डावीकडून चालतो, म्हणून डिपरची कड उजवीकडे सपाट आणि डावीकडे सुमारे १५ अंश वर चढत गेलेली हवी. म्हणजे डाव्या कडेची माणसं, दगड, पाट्या दिसतात. कड उजवीकडे चढत असेल तर ते दिवे उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीचे आहेत. त्यांची उंची कितीही बदला, तो कोपरा समोरच्याच्या डोळ्यांतच जाणार. परत पाठवा.

---

किटलीतला_चहा | २५ फेब्रुवारी, रात्री ८:५०

उजवीकडेच चढतेय. परत.

---

डोंगरवाट_जिप्सी | १६ मार्च, रात्री ११:३०

पान्याचा_नाद, ऐका. मी पाटेवाल्याकडे गेलोच. कमान मारून घेतली, पाटा वाढवला नाही. आता तीच माणसं, तेच सामान, फरक पाचाऐवजी साडेतीन सेंटीमीटर. म्हणजे २.१ ऐवजी दीड टक्का. चक्री आता पाऊणपर्यंतच फिरवावी लागते, पूर्वी टोकाला जायची.

चष्मा आणि पाय, दोन्ही दुखत होते म्हणायचं.

---

पान्याचा_नाद | १६ मार्च, रात्री ११:४०

एवढं कबूल केलंत, पुरे. चहा तुमच्याकडून.

---

सह्यकडा | ८ जुलै, सायंकाळी ६:१५

पावसात काय हाल? मी हाच धागा बघून कामाला लागणार होतो.

---

डोंगरवाट_जिप्सी | ९ जुलै, रात्री १०:२०

जूनमध्ये ताम्हिणीत उजवी मोटर मेली. मोटर ठीक होती, सॉकेटमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या. हॅचबॅकमध्ये हे सगळं बंद खोक्यात असतं, जिप्सीत चाकाचा फवारा थेट पाठीवर येतो. आता रबरी सील असलेलं सॉकेट, पिनांना सिलिकॉन ग्रीस, वायर खालून वळसा देऊन वर आणलीय म्हणजे थेंब वळशाशी गळून पडतो. मोटरीवर जुन्या ट्यूबचा तुकडा टोपीसारखा बांधलाय. दिसायला भयंकर, पण महिना झाला.

मेली तेव्हा दिवा खालच्या टोकाला जाऊन थांबला, तो रेझिस्टर कामाला आला. त्या रात्री उजवीकडचं फार लांबचं दिसलं नाही, पण समोरून कोणी अपर मारला नाही.

---

सह्यकडा | ९ जुलै, रात्री १०:४५

मोटर बसवल्यावर पहिल्यांदा लावताना चक्री कुठे ठेवायची?

---

डोंगरवाट_जिप्सी | ९ जुलै, रात्री ११:०५

० वर, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला. सपाट जागा, टायरची हवा बरोबर, सीटवर एकटा ड्रायव्हर, मागे काही नाही. भिंतीपासून दहा मीटर. दिव्याच्या मध्याच्या उंचीवर एक चिकटपट्टी, तिच्याखाली दहा सेंटीमीटरवर दुसरी. मोटरीच्या पाठीवर हाताने फिरवायचा स्क्रू असेल तर त्याने कड खालच्या पट्टीवर आणायची. बाजूचा स्क्रू तसाच ठेवायचा. माझ्या मोटरीला पाठीवर स्क्रू नव्हता, म्हणून वाटीमागे वॉशर टाकत बसलो. डाव्या दिव्याला दोन, उजव्याला साडेतीन. अर्धा म्हणजे कानशीने घासलेला.

---

स्वयंपाकघर_ते_स्टिअरिंग | १० जुलै, सकाळी ७:२०

काल सासरची चार माणसं आणि नारळाचं पोतं घेऊन रत्नागिरीहून आले. २ वर. आंबा घाटात एकानेही अपर मारला नाही. नवरा विचारत होता, सारखी ती चक्री काय फिरवतेस म्हणून. त्याला हा धागा पाठवलाय, अजून वाचलेला दिसत नाही.